भिंतीवरची कोळशाची रेघ

मी एक जुनी वेल आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. तुम्ही आत्ता माझ्यासमोर येऊन उभे राहिलात, तेव्हा तुमच्या हातात काय आहे ते मी सगळ्यात आधी पाहून घेतलं. हात रिकामे आहेत ना? मग बसा.

संशय माझ्या जातीतच आहे. द्राक्षाची वेल मिळेल त्या तारेच्या गळ्यात पडते. मी तशी नाही. माझ्या फांद्यांना बारीक बारीक मुळं फुटतात आणि त्यांनी मी भिंतीला धरून राहते. पण धरण्याआधी मी दगड चाचपून बघते. हा दुपारी तापतो का? भुसभुशीत तर नाही? उद्या ढासळणार तर नाही? कारण एकदा धरलं की मी सोडत नाही, आणि कोणी ओढून काढलं तर तीच मुळं पुन्हा धरत नाहीत. असं असल्यावर आपण चौकशी केलेली काय वाईट?

माझं नाव चढता हायड्रेंजिया. माझा जन्म फार लांबच्या एका थंड देशातला. तिथल्या रोपवाटिकेत मला आईच्या अंगावरून कापलं, कुंडीत लावलं आणि गळ्यात चिठ्ठी बांधली. मग एक दिवस पांढऱ्या झग्यातला एक गृहस्थ आला. तिथल्या एका हॉटेलची भिंत माझ्या मावशीने नखशिखान्त पांढऱ्या फुलांनी झाकली होती, आणि ती पाहून तो वेडा झाला होता. त्याचं नाव अबू फहद. त्याने माझ्यासह तीन रोपं घेतली. आमच्यापैकी दोघी जेद्दाच्या विमानतळावर उन्हाने वाळून गेल्या. मी वाचले. का वाचले, याचाही मला पुष्कळ दिवस संशय होता.

सौदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळू आणि उंट येतात. अबहा तसं नाही. ते डोंगरमाथ्यावरचं गाव आहे. उन्हाळ्यातही सकाळी धुकं असतं, दुपारी गडगडून सर येते, आणि माकडांच्या टोळ्या कुंपणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघतात. रियाध आणि जेद्दाचे लोक उन्हाळा चुकवायला इथे येतात. त्यांच्यासाठी अबू फहदने दगडी हॉटेल बांधलं होतं, आणि त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर त्याला माझी फुलं हवी होती.

मला जमिनीत लावलं ते धोंडीरामने. धोंडीराम तासगावचा. द्राक्षबागेत छाटणीचा मुकादम म्हणून त्याचं चांगलं नाव होतं, पण नाव काही घर चालवत नाही, म्हणून तो इकडे आला होता. त्याने मला हातात धरून उलटंपालटं केलं, मुळं हुंगली, आणि शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरला म्हणाला, "नसरुद्दीनभाई, ह्ये लई नाजूक दिसतंय. उन्हात टिकायचं न्हाई."

नसरुद्दीन श्रीवर्धनचा. हॉटेलचा हिशेब, पाहुणे, कामगार, सगळं तोच बघायचा आणि सारखा घाम पुसायचा. अबहाच्या थंडीतही पुसायचा. तो म्हणाला, "धोंडीभाऊ, टिकव रे बाबा. कफीलच्या जिवाला लागून राहिलीय ही."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणसाचा इकामा, राहण्याचा परवाना, असतो तो मालक. इथे सगळ्यांचा कफील अबू फहद. तो नुसता खोकला तरी नसरुद्दीन हातातलं काम टाकून धावायचा.

धोंडीरामने माझ्यासाठी फार केलं, हे मी नाकारत नाही. मला सावलीत लावलं. मुळाशी पालापाचोळ्याची जाड गादी घातली, म्हणजे मुळं गार राहावीत. पाण्याची ओढ मला भारी, हे त्याने पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं. टँकर आला नाही तर स्वतःच्या अंघोळीचं पाणी आणून ओतायचा. आणि सारखा माझ्याशी बोलायचा. माझं मराठी सगळं त्याच्याकडून आलेलं आहे. हायड्रेंजिया हे नाव त्याच्या जिभेला गाठ मारायचं, म्हणून तो मला चढेलबाई म्हणायचा.

"चढेलबाई, आमची दर्शना नर्सिंगला लागली बरं का सांगलीला," तो सांगायचा. "तिचं शिक्षान पुरं हुस्तवर मला हितं ऱ्हायाचं हाय. तू बी ऱ्हा."

पण मित्रांनो, मी पहिली काही वर्षं हलले नाही. आमच्या जातीत तशी रीतच आहे. आधी मुळं खाली खोल घालायची आणि मग वर बघायचं. लोकांना हे कुठे ठाऊक? ते म्हणू लागले, ही वेल खोटी आहे, नर्सरीवाल्याने फसवलं. हिवाळ्यात माझी पानं झडली, साल पापुद्र्यांनी सुटली, तेव्हा तर नसरुद्दीनने मला मेलेलीच ठरवलं. नखाने साल खरवडून आत हिरवं दिसलं तेव्हा कुठे त्याने घाम पुसला.

चौथ्या वर्षी मी भिंत धरली आणि सुटले. खिडकीपर्यंत गेले, खिडकीच्या वर गेले. सगळे खूश झाले. आणि इथेच माझ्या दुःखाला सुरुवात झाली.

माझं एक गुपित आहे. माझ्या फुलांचे डोळे गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर बसतात. उन्हाळा संपता संपता ते तयार होतात आणि सबंध हिवाळा त्या उघड्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या काडीवर गप्प बसून राहतात. ती काडी कापली की फुलं गेली. छाटायचंच असेल तर फुलं उमलून गेल्यावर लगेच छाटावं, तेही थोडंसं, आणि हिवाळ्यात तर कात्री मला दाखवूसुद्धा नये.

आणि धोंडीराम तर द्राक्षवाला! वेल म्हटली की छाटणी, हे त्याच्या रक्तातच होतं. फेब्रुवारीच्या थंडीत तो शिडी लावून, कात्री पाजळून यायचा, काडीमागून काडी उडवायचा आणि खाली उतरून समाधानाने म्हणायचा, "आता बघा कशी फुटतीय!" मी फुटायची. हिरवीगार व्हायची. पण फूल? एक नाही. मला वाटायचं, हा माणूस हातांनी पाणी घालतो आणि त्याच हातांनी फुलं कापतो. याच्या मनात आहे तरी काय? कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याच सुमारास नवा कायदा कडक झाला. प्रत्येक धंद्यात ठरावीक सौदी माणसं कामाला हवीत. कमी असली तर धंदा लाल पट्ट्यात जायचा, आणि लाल पट्ट्यातल्या मालकाच्या कामगारांचे इकामे वाढवून मिळायचे नाहीत. अबू फहदचं हॉटेल लाल होता होता राहिलं. मग एक दिवस बागेत एक नवा माणूस येऊन उभा राहिला. उंच, ताठ, मिशीला पीळ. मुतलक त्याचं नाव. हफ्र अल बातिनच्या लष्करी छावणीतून नुकताच निवृत्त झालेला सैनिक. त्याला बागेचा मुशरिफ नेमलं होतं, म्हणजे देखरेख करणारा. त्याच्या वाळवंटी मुलखात बाग म्हणजे चार खजुरी, आणि त्याही दुसऱ्याच्या.

धोंडीरामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "शिकून घ्यायला आलाय," तो माझ्या मुळाशी माती उकरत पुटपुटला. "म्या शिकवायचं आन् म्याच जायाचं. वा रं न्याय!"

नसरुद्दीनलाही स्वतःच्या खुर्चीची काळजी होतीच. तो कुजबुजला, "धोंडीभाऊ, त्याला सगळं दाखवू नको हो. अर्धं हातचं राखून ठेव."

आणि मुतलक? त्याला वाटलं, हे दोघं आपल्याच भाषेत गुळपीठ करतात, म्हणजे नक्की आपल्याला पाडण्याचा बेत आहे. तो लांब खुर्ची टाकून बसायचा आणि पहाऱ्यावर असल्यासारखा बघत राहायचा. धोंडीराम त्याच्याकडे बघायचा. मी दोघांकडे बघायची. कुंपणावरची माकडं आम्हा तिघांकडे बघायची. असे आमचे दिवस चालले होते.

त्या उन्हाळ्यात अबू फहद पाहुण्यांना घेऊन आला. वर मान करून त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसती पानं. त्याच्या कपाळावर आठी चढली. तो नसरुद्दीनला म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली नाहीत तर ही वेल उपटून टाका आणि भिंतीला फरशी बसवा. मग एका माळ्यावर भागेल. मुतलक राहील, तो सौदी माणसांच्या मोजणीला लागतो. धोंडीरामला खुरूज द्या."

खुरूज म्हणजे परत घरी पाठवणी. नसरुद्दीनने हे धोंडीरामला सांगितलं तेव्हा तो माझ्या मुळाशी खाली बसला. मग म्हणाला, "दर्शनाची दोन वर्सं ऱ्हायल्यात, नसरुद्दीनभाई. तेवढं तरी व्हाया पायजे." त्याने माझ्या खोडावर हात ठेवला. आता आमचं दोघांचं नशीब एकाच दोरीला बांधलेलं होतं.

आता धोंडीरामला चोर शोधायचा होता. फुलं येत नाहीत म्हणजे कोणीतरी काहीतरी करतंय. कोण? सरळ आहे, ज्याचा फायदा तोच. तो मुतलकवर पाळत ठेवू लागला आणि चार-दोन दिवसांतच त्याला हवं ते दिसलं. सकाळी धुकं असताना मुतलक हातात पितळी किटली घेऊन माझ्या मुळाशी यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि वाटीभर पिवळसर पाणी ओतून निघून जायचा.

खरं सांगते, मलाही त्या पाण्याचा संशय होता. कोमट, कडसर, आणि वास भलताच! मी मुळं आखडून घ्यायची.

धोंडीराम धावत आला. त्याने चिमूटभर माती उचलून हुंगली. "येलदोडं?" तो चक्रावला. "कॉफी हाय ही, ह्या लोकांची. पर कॉफी कुणी झाडाला पाजतं का? ह्यात कायतरी कालवलंय. वासावरून कळू नये म्हून येलदोडं!"

तुम्ही हसा. त्याला हसू येत नव्हतं. त्याने त्याच्या गावची विद्या काढली. तासगावकडे भरलेल्या बागेला दृष्ट लागू नये म्हणून एखादी तुटकी चप्पल बांधावरच्या झाडाला उलटी टांगतात. धोंडीरामने आपली जुनी, टाच झिजलेली चप्पल सुतळीने बांधली आणि माझ्या पानांच्या आड टांगली, बरोबर त्या जागी जिथे मुतलक किटली घेऊन वाकायचा. "आता ओत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुतलक वाकला आणि उठताना ती चप्पल त्याच्या कपाळाला लागली.

मित्रांनो, इथल्या माणसाला जोडा दाखवणं म्हणजे त्याच्या बापजाद्यांचा अपमान. आणि जोडा दोरीने बांधून झाडात लपवलेला! मुतलकचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्याने चप्पल सुतळीसकट ओढून काढली. माझी दोन पानं त्यात गेली. तो तसाच ऑफिसच्या दारात गेला आणि ओरडला, "नसरुद्दीन! बाहेर ये! हा माझा अपमान आहे की जादूटोणा आहे? बोल, कुणाला बोलावू?"

जादूटोणा हा शब्द इथे कोणी गमतीने उच्चारत नाही. त्याच्यामागून पोलीस येतात, तुरुंग येतो. नसरुद्दीन घाम पुसत बाहेर आला. धोंडीराम हातातलं खुरपं टाकून धावत आला.

त्यांच्यात अरबी-हिंदीची खिचडी चालायची. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"मुतलकभाई, अपमान नाही, अल्लाची शपथ," नसरुद्दीन म्हणाला. "आमच्या मुलखात झाडाला नजर लागू नये म्हणून असं बांधतात. अडाणी रीत आहे. नजर! तुम्ही ज्याला ऐन म्हणता ना, तीच."

"ऐन?" मुतलक थबकला. "तुमच्याकडेही नजर लागते?"

"तर! आमच्याकडे तर जरा जास्तच लागते."

मुतलकने चप्पल हातात फिरवून पाहिली. "आमच्याकडे अशा वेळी माशाअल्लाह म्हणतात. पायताण टांगत नाहीत." मग त्याने धोंडीरामकडे बोट रोखलं. "आणि नजर कुणाची? माझी? ही बाई परदेशातून आलीय. पाहुणी आहे. मी रोज माझ्या किटलीतला पहिला कप हिला देतो. पाहुण्याच्या आधी आपण प्यायचं नसतं. आणि तू तिथे पायताण बांधलंस!"

हे ऐकून मी मुळांपर्यंत गार झाले. पाहुणचार होता तो! एवढ्या वर्षांत मला कोणी पाहुणी म्हटलं नव्हतं. पण संशयी स्वभाव असा एका दिवसात थोडाच जातो? मी मनात म्हटलं, बघू.

धोंडीरामचंही तेच. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." पण त्याच्या डोळ्यांतली शंका काही गेली नव्हती. आणि मुतलकच्या मनात तर आता नवीनच शंका उभी राहिली. पहाऱ्यावरच्या माणसासारखा तो तुकडे जुळवू लागला. हा चप्पल टांगतो, हा मला काही शिकवत नाही, हा हिवाळ्यात शिडीवर चढून वेल कापतो. कशासाठी? वेल मरावी आणि ठपका मुशरिफवर यावा, यासाठी!

फेब्रुवारी उजाडला. मी उघडीवाघडी भिंतीवर चिकटून होते. धोंडीराम शिडी आणि कात्री घेऊन आला. यंदा तो नेहमीपेक्षा जास्त कापणार होता, कारण द्राक्षाला माल आला नाही की छाटणी आणखी कडक करतात. माझा जीव टांगणीला लागला. त्याने डावीकडून सुरुवात केली. कच, कच, कच. माझे झोपलेले डोळे टपाटपा खाली पडत होते. शिडी सरकत सरकत भिंतीच्या मध्यावर आली, आणि खालून आवाज आला, "खलास! पुरे!"

मुतलक शेगडीतला विझलेला कोळसा घेऊन उभा होता. तो पुढे झाला आणि त्याने भिंतीवर, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत, एक उभी काळी रेघ ओढली.

"तिकडची तुझी," तो म्हणाला. "इकडची माझी. माझ्या बाजूला कात्री लावायची नाही."

"आरं, छाटल्याबिगर येल फुलती व्हय?" धोंडीराम शिडीवरून ओरडला. "नसरुद्दीनभाई, सांगा ह्यास्नी! ह्ये माझं पोट मारायला निघालंय!"

नसरुद्दीनने दोघांकडे पाहिलं, घाम पुसला आणि तो ऑफिसात निघून गेला. मुतलकने आपली खुर्ची आणून रेघेच्या उजव्या बाजूला मांडली आणि किटली घेऊन बसला. तो हलेना. शेवटी धोंडीराम शिडी उचलून निघून गेला. जाताना मागे वळून म्हणाला, "चढेलबाई, तुझी अर्धी बाजू मेली म्हून समज."

वसंत आला. दोन्ही बाजूंना पालवी फुटली. डावीकडची तर जास्तच तरारून आली, आणि धोंडीराम मुतलककडे बघून मिशीत हसला. मग मे महिन्याच्या शेवटी, मित्रांनो, उजवीकडे गाठी दिसू लागल्या. हिरव्या, मग पांढुरक्या. आणि एका धुक्याच्या सकाळी त्या उमलल्या. मधे बारीक फुलांचा मऊ गोळा आणि भोवती चार-चार पाकळ्यांची मोठी पांढरी फुलं. थेट जमिनीपासून वरच्या खिडकीपर्यंत. मधमाश्या कुठून आल्या देव जाणे. कोळशाच्या रेघेपर्यंत सगळी भिंत पांढरी झाली होती, आणि रेघेच्या पलीकडे नुसती पानं.

धोंडीराम आला आणि बघतच राहिला. आनंद करावा की रडावं, त्याला कळेना. कारण अबू फहद दुसऱ्याच दिवशी येणार होता, आणि भिंतीकडे बघून शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं की कोणाचा हात चांगला आणि कोणाचा वाईट.

अबू फहद आला. गाडीतून उतरताच तो जागीच उभा राहिला आणि हळूच "माशाअल्लाह" म्हणाला. मग त्याला ती रेघ दिसली.

"हे काय आहे?"

"उजवी बाजू मुतलकने सांभाळली," नसरुद्दीन चाचरत म्हणाला. "डावी धोंडीरामने."

"मग प्रश्नच मिटला," अबू फहद म्हणाला. "वेल राहू दे. धोंडीरामचा खुरूज तयार करा."

धोंडीरामला तेवढी अरबी समजत होती. त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. मला वाटलं, आता मुतलक मिशीला पीळ देईल. मी त्याच्याकडेच बघत होते. पण तो पुढे आला आणि म्हणाला, "शेख, मी काहीच केलेलं नाही. पाणी यानेच घातलं, माती यानेच बघितली, मुळाशी पाला यानेच टाकला. मी फक्त याला अडवलं."

"अडवलं? का?"

"मला याचा संशय आला, म्हणून."

"मग त्याची बाजू का फुलली नाही?"

धोंडीराम सावकाश भिंतीपाशी आला. त्याने उजवीकडचं एक फूल बोटांत धरलं. फुलापासून देठावर, देठापासून काडीवर, काडीवरून मागे मागे, असं त्याचं बोट सरकत गेलं. ते बोट तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या जुन्या काडीवर येऊन थांबलं. मग त्याने डावीकडे पाहिलं. तिथे ती काडीच नव्हती. तिथे फक्त त्याच्या कात्रीचे सरळ, सफाईदार काप होते.

"आयला," तो म्हणाला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्या मालकाडीच छाटत आलो की! दर साली! द्राक्षाची मालकाडी तोडली तर घड कुठनं येईल? काखंत कळसा आन् गावाला वळसा. चोर हुडकत फिरलो, आन् चोर माझ्याच हातात."

"काय म्हणतो तो?" अबू फहदने विचारलं.

नसरुद्दीनने आधी कुंपणाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. उन्हावर ढकलता आलं असतं. माकडांवर ढकलता आलं असतं. माकडं कुंपणावर हजरच होती.

"जसंच्या तसं सांगा, नसरुद्दीनभाई," धोंडीराम म्हणाला. "ह्यो माणूस खरं बोलला. आता म्या लबाडी केली तर तोंड कुठं लपवू? सांगा की, धोंडीरामाच्या कात्रीनं फुलं खाल्ली."

नसरुद्दीनने जसंच्या तसं सांगितलं. अबू फहदने धोंडीरामकडे पाहिलं, मुतलककडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दाढीत हसू हललं.

"म्हणजे एकाच्या संशयामुळे माझी अर्धी भिंत वाचली," तो म्हणाला. "मला पूर्ण भिंत हवी आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इथून कोणी जाणार नाही. यल्ला, चला, कॉफी आणा."

मुतलकने किटली उचलली. पहिला कप त्याने माझ्या मुळाशी ओतला. दुसरा धोंडीरामला दिला. धोंडीरामने कप हातात घेतला आणि प्यायच्या आधी, सवयीने, हुंगून पाहिला. मग दोघेही एकदम हसले.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा उघडी झाले. फेब्रुवारीत धोंडीराम आला तो शिडी न घेता. त्याने कात्री कापडात गुंडाळून मुतलकच्या पुढ्यात ठेवली. "सदीक, दोस्ता, ही तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "माझा जीव ऱ्हात न्हाई. येल दिसली की हात शिवशिवत्यात. उन्हाळ्यापतुर मागितली तरी देऊ नगंस."

मुतलकने ती खुर्चीखाली ठेवली. धोंडीरामने दोनदा मागितलीही. त्याने दिली नाही.

त्या उन्हाळ्यात सगळी भिंत पांढरी झाली. कोळशाची रेघ माझ्या फुलांखाली गेली, आता शोधून सापडत नाही. दर्शनाची परीक्षा झाली, तिला मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली, आणि धोंडीराम आपणहून खुरूज घेऊन घरी गेला. निघताना त्याने माझं खोड दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या तासगावी उच्चारात म्हणाला, "माशाल्ला, चढेलबाई." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. फुलांचा बहर असूनही वाटलं.

आता मुतलकची मिशी पांढरी झाली आहे. नवे माळी येतात, जातात. हिवाळ्यात माझी पापुद्रे सुटलेली साल बघून प्रत्येकाला वाटतं, ही मेली, हिला साफ करू. तसा कोणी कात्री घेऊन येताना दिसला की मुतलक आपली खुर्ची उचलतो आणि माझ्याखाली मांडून बसतो. दर उन्हाळ्यात तासगावहून फोन येतो. "फुलली का?" पलीकडून धोंडीराम विचारतो. मुतलक म्हणतो, "आधी माशाअल्लाह म्हण."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कोणी तुमच्या भिंतीला धरून असेल तर तिला सावली द्या, पाणी द्या, मुळाशी गारवा द्या, आणि पहिली काही वर्षं तिची घाई करू नका. तिला बहर कुठल्या काडीवर लागतो हे कळल्याशिवाय तिला हात लावू नका. माणसांचंही तेच आहे. संशय घ्यायला माझी ना नाही, मी तर जन्माची संशयी. पण पहिला संशय आपल्या हातातल्या कात्रीचा घ्यावा.

आणि हो, निघताना माझ्या फुलांकडे बघून माशाअल्लाह म्हणायला विसरू नका. जे म्हणत नाहीत, त्यांच्यावर मी फाटकापर्यंत लक्ष ठेवते.